हिराकस, शेवाळ आणि तांबड्या दऱ्या

माझं बालपण रेडीत गेलं. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या हद्दीजवळचं हे गाव. तिथल्या डोंगरातून लोहखनिज निघतं आणि बंदरातून बोटीवर चढतं. वडील खाणीवर हजेरी-कारकून होते. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा सदऱ्याची कॉलर, बाह्या, टोपी, भुवया, सगळं तांबडं झालेलं असायचं. आई सदरे सोड्यात भिजवायची, दगडावर आपटायची आणि शेवटी "ह्यो डाग काय जावचो नाय" म्हणत तसेच दोरीवर टाकायची.

पुढे मी सावंतवाडीला तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. लोखंड गंजण्याचं समीकरण किती वेळा फळ्यावर लिहिलं त्याची गणती नाही. पण अंगणातला जांभा, खाणीतलं खनिज आणि वडिलांच्या सदऱ्यावरचा डाग तांबडा करणारा प्राणवायू मुळात हवेत आला कुठून, हा प्रश्न मला निवृत्त झाल्यावर पडला. पावसाळ्यात पायरीवरचं शेवाळ खराट्याने घासत होते, तेव्हा. उत्तर शोधत वाचत गेले आणि त्या वाचनात एकच प्रदेश परत परत भेटत राहिला: पश्चिम ऑस्ट्रेलिया.

माझी मुलगी नेहा पर्थला राहते. जुलै २०१९ मध्ये तिच्याकडे गेले तेव्हा तिने विचारलं, "आई, इथलं काय बघायचंय तुला?" मी वहीतून तीन नावं वाचून दाखवली: हॅमेलिन पूल, डेल्स गॉर्ज, मार्बल बार. जावई प्रशांत नकाशा बघून म्हणाले, "आई, हे अडीच हजार किलोमीटरच्या आसपास जातंय." तरी त्यांनी रजा काढली. नऊ वर्षांची नात ईरा अर्थातच सोबत. तेव्हाच्या वहीतल्या नोंदी आता नीट लिहून काढते आहे.

पहिला दिवस: पर्थ ते जेराल्टन

सव्वाचारशे किलोमीटर. गव्हाची आणि मोहरीसारख्या पिवळ्या कॅनोलाची शेतं, मग वाळूचे ढिगारे, अधूनमधून समुद्राची निळी पट्टी. ग्रीनओ गावाजवळ समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने वाकून चक्क जमिनीला टेकलेली झाडं पाहिली. नेहाने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून आणली होती, ती त्या झाडांपाशीच खाल्ली.

रात्री ईराला मी या सहलीची मेख सांगितली. आपण जितके उत्तरेला जाऊ तितके मागच्या काळात जाणार. उद्या जे बघू ते जिवंत आहे. मग अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र. आणि शेवटी साडेतीनशे कोटी वर्षं. तिने विचारलं, "डायनोसॉर कितव्या दिवशी?" डायनोसॉर तर अलीकडचे. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हा होऊन वाहत होता तेव्हा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ते संपले. आमच्या वाटेवर ते कुठेच नव्हते.

दुसरा दिवस: हॅमेलिन पूल

जेराल्टन सोडल्यावर शेती हळूहळू विरळ होत गेली आणि मर्चिसन नदी ओलांडल्यावर खुरटी झुडपं तेवढी उरली. ओव्हरलँडर नावाच्या पेट्रोलपंपापाशी डावीकडे वळलो. हा शार्क बेचा परिसर, १९९१ पासून जागतिक वारसा. इथल्या मालगाना लोकांच्या भाषेत याचं नाव गुथरगुडा, म्हणजे दोन पाणी.

जुन्या तारघराजवळ गाडी लावून किनाऱ्याकडे चालत निघालो. वाऱ्यावर वास आला आणि मी थबकले. शाळेच्या प्रयोगशाळेत किपच्या उपकरणातून यायचा तो सडक्या अंड्यांचा वास. हायड्रोजन सल्फाइड. "आई, नाकाला रुमाल लाव," नेहा म्हणाली. मला लावावासा वाटला नाही. फार जुन्या काळी कितीतरी उथळ समुद्रांच्या काठाला असाच काहीसा वास असावा.

पाण्यावर लाकडी फळ्यांची वाट बांधलेली होती. (पुढे एप्रिल २०२१ मध्ये सेरोजा चक्रीवादळाने ती मोडली.) खाली उथळ, काचेसारखं पाणी, आणि त्यात काळपट तपकिरी गोळे. गुडघ्याएवढे, काही त्याहून उंच, डोक्याला रुंद आणि बुडाला निमुळते. ओहोटी असल्याने किनाऱ्याजवळचे उघडे पडले होते. लांबून पाहिलं तर बसून राहिलेल्या म्हशींचा कळप. हेच स्ट्रोमॅटोलाइट.

दगड दिसतात, पण माथ्यावर जिवंत साय असते. त्या सायीत सायनोबॅक्टेरिया राहतात, ज्यांना आपल्या पाठ्यपुस्तकांत नीलहरित शैवाल म्हटलं जायचं. ते चिकट द्रव सोडतात, त्यावर वाळूचे कण आणि चुना धरतो. उजेड मिळेनासा झाला की जीव वर सरकतात आणि नवी साय धरतात. खाली उरतो तो थरांचा दगड. ही वाढ वर्षाला मिलिमीटरच्या एखाद्या अंशाइतकी. समोरचे गोळे दोन-तीन हजार वर्षांचे, पण घडवण्याची ही रीत साडेतीनशे कोटी वर्षांची. १९५० च्या दशकात तेलाच्या शोधात फिरणाऱ्या भूवैज्ञानिकांच्या हे लक्षात आलं, तोवर अशी रचना बहुतेक जीवाश्मांतच माहीत होती.

फळ्यांवर मी पालथी पडले आणि पाण्यात पाहत राहिले. दुपारचं ऊन सरळ आत उतरत होतं. सायीवर बारीक बुडबुडे धरले होते, साबुदाण्याहून लहान. मधूनच एखादा सुटायचा आणि वर यायचा. वर्गात आम्ही हायड्रिलाची फांदी नरसाळ्याखाली ठेवून परीक्षानळीत प्राणवायू जमा करायचो, तोच प्रयोग इथे कुणी न मांडता चालू होता. पाणी फोडून त्यातला हायड्रोजन वापरायचा आणि प्राणवायू टाकून द्यायचा, ही युक्ती सायनोबॅक्टेरियांच्या पूर्वजांना साधली. त्यांच्या लेखी तो कचरा होता. त्या वेळच्या बहुतेक जिवांना तर तो विषच. नंतरच्या सगळ्या झाडांनी ही युक्ती त्यांच्याकडूनच घेतली, कारण झाडाच्या पानातलं हरितकण म्हणजे कधीकाळी दुसऱ्या पेशीने गिळलेला सायनोबॅक्टेरियाच आहे. माझ्या परसातला अळूसुद्धा त्यांच्याच जोरावर जगतो.

ईराने पाण्याखालच्या काळ्या गालिच्यावरून समुद्राकडे गेलेल्या दोन समांतर रेघा दाखवल्या. त्या गाडीच्या चाकोऱ्या आहेत. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी इथून लोकरीच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या गाड्या बोटींपर्यंत नेत. चाकांनी दबलेली साय अजून भरून आलेली नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पायरीवरचं शेवाळ चार दिवसांत परत येतं, आणि इथे शंभर वर्षं. मी तिथून बाजूला झाले ते जरा अंग चोरूनच.

तिसरा दिवस: शिंपल्यांचा किनारा आणि पाण्याखालचं कुरण

मुक्काम डेनहॅमला होता. सकाळी शेल बीचला गेलो. वाळूचा कण नाही, नुसत्या पांढऱ्या शिंपल्या, नखाएवढ्या. काही ठिकाणी हा थर सात ते दहा मीटर जाड आहे. एकाच जातीचा शिंपला, कोट्यवधींच्या संख्येने. पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या चुन्याने खालचे थर एकमेकांना चिकटून दगड झाले आहेत. पूर्वी करवतीने त्याचे ठोकळे कापत, आणि डेनहॅमचं छोटं चर्च त्याच ठोकळ्यांचं आहे. मी भिंतीवरून हात फिरवला. आमच्या घराला जांभ्याचा चिरा, यांच्या देवळाला शिंपल्यांचा.

एकच जात का? आणि जगभरातून जवळजवळ नाहीसे झालेले स्ट्रोमॅटोलाइट नेमके इथेच का टिकले? दोन्हींचं उत्तर एकच आहे आणि ते मला या प्रवासातलं सगळ्यात सुंदर वाटलं. हॅमेलिन पूलचं पाणी साध्या समुद्राच्या दुपटीने खारट आहे. त्या खारटपणात शेवाळाची साय खरवडून खाणाऱ्या गोगलगायींचा टिकाव लागत नाही. पाणी खारट आहे कारण पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, आणि खाडीच्या तोंडाशी उथळ बांध आहे ज्यामुळे मोकळ्या समुद्राचं पाणी नीट आत येत नाही. तो बांध कुणी घातला? समुद्री गवताने. ही शेवाळं नव्हेत. फुलं येणारी, मुळं असलेली खरी वनस्पती, पाण्याखाली कुरणासारखी पसरलेली. तिने गेली काही हजार वर्षं वाहती वाळू आणि गाळ पातींमध्ये अडवून अडवून तो उंचवटा रचला.

म्हणजे अगदी अलीकडच्या काळातल्या एका गवताने समुद्राचं पाणी बदललं, आणि त्या बदललेल्या पाण्यात पृथ्वीवरच्या सगळ्यात जुन्या घडणीचे जीव परत घर करून राहिले. पणतीने पणजीसाठी खोली बांधून द्यावी तसं.

दुपारी काचेच्या तळाच्या होडीतून ते कुरण पाहिलं. त्यात चरणारा एक ड्यूगॉंग, म्हणजे समुद्री गाय, पाठ दाखवून गेला. पुढे २०२२ मध्ये पर्थच्या युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी जाहीर केलं की इथलं पोसिडोनिया नावाचं गवत सुमारे १८० किलोमीटरपर्यंत पसरलेलं असलं तरी ते एकच झाड आहे. एका बीपासून फुटव्या-फुटव्याने वाढलेलं, किमान साडेचार हजार वर्षांचं. बातमी वाचून नेहाचा फोन आला, "आई, आपण एका झाडावरून तासभर होडी चालवली." २०११ च्या उन्हाळ्यात समुद्र तापला तेव्हा या कुरणांचा मोठा भाग मेला, हेही तिथल्या फलकावर होतं. गवत गेलं तर बांध जाईल, बांध गेला तर खारटपणा. मी वहीत एवढंच लिहून ठेवलं आहे: "गोगलगायी बाहेर वाट बघतायत."

चौथा दिवस: नुसता रस्ता

डेनहॅम ते कार्नार्वन सव्वातीनशे किलोमीटर, तिथे केळीच्या बागा बघून मन निवलं. पुढे टॉम प्राइसपर्यंत सहाशेच्या वर. वाटेत एकापाठोपाठ तीन-चार डबे जोडलेले ट्रक, ज्यांना इथे रोड ट्रेन म्हणतात. प्रशांत आणि नेहाने आळीपाळीने गाडी चालवली. नानुटारा सोडल्यावर मी डोळा लावला आणि जाग आली तेव्हा खिडकीबाहेरची माती तांबडी होती. रेडीची माती. त्यावर स्पिनिफेक्स गवताचे काटेरी झुबके आणि वारुळं, वारुळंही तांबडी. अंधार पडायच्या आत पोहोचायची घाई होती, कारण संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. तरी मी गाडी थांबवायला लावली आणि मूठभर माती हातात घेतली. बोटांवर डाग तसाच उमटला.

पाचवा दिवस: डेल्स गॉर्ज

करिजिनी राष्ट्रीय उद्यान. बनजिमा, यिनहावंका आणि कुरामा लोकांची ही भूमी. वर पठार सपाट, आणि पायाशी अचानक फाटलेली दरी. कडे असे की जणू कुणी हजारो वह्या एकावर एक रचून बाजूने कापल्या आहेत: तांबडा थर, काळपट थर, करडा थर, पुन्हा तांबडा. काही बोटाएवढे जाड, काही कागदासारखे. याला पट्टेदार लोहखडक म्हणतात. डेल्स गॉर्जचे हे थर सुमारे २४७ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचले.

फोर्टेस्क्यू धबधब्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर मी बसले आणि नेहाला विचारलं, "हिराकस आठवतं?" ती माझ्याच वर्गात होती. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, पोपटी खडे. पाण्यात विरघळवलं की फिकट हिरवं, स्वच्छ द्रावण. बाटलीचं बूच उघडं ठेवून सुट्टीवर गेलं की परत येईपर्यंत द्रावण पिवळट-तपकिरी, आणि तळाशी गाळ. दरवर्षी मी मुद्दाम एक बाटली उघडी ठेवायची. कोकणात तर हे घरोघरी दिसतं. बोअरवेलचं पाणी बादलीत घेताना नितळ असतं, रात्रभर ठेवलं की सकाळी बादलीच्या तळाला तांबडा साका. लोखंड आधीपासून पाण्यातच असतं. प्राणवायू भेटेपर्यंत ते दिसत नाही.

तो समुद्र म्हणजे एवढी मोठी बादली. तेव्हा हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्यामुळे समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांतून आलेलं लोखंड पाण्यात विरघळून राहू शकत होतं. त्या समुद्राचा रंग हिरवट असावा असं काही वैज्ञानिक मानतात. सायनोबॅक्टेरियांनी टाकलेला प्राणवायू त्या लोखंडाला भेटला, गंज तयार झाला आणि तळाशी बसला. काही जीवाणू तर प्राणवायूशिवाय, उजेडाच्या बळावर थेट लोखंडालाच गंजवत असावेत. यातला कोणाचा वाटा किती आणि पट्टे नेमके कशामुळे पडले, यावर अजून वाद चालू आहे. लोखंडाच्या थरांमध्ये गारगोटीच्या जातीचे थर का, ऋतूंमुळे की झऱ्यांच्या चढउतारामुळे, याची एकच सर्वमान्य कथा नाही. पण जिवांशिवाय ही दरी अशी दिसली नसती, याबद्दल फारसं दुमत नाही.

आणि हे कोट्यवधी वर्षं चाललं. जेवढा प्राणवायू निघेल तेवढा लोखंड आणि ज्वालामुखींचे वायू गिळत राहिले. हवेपर्यंत तो पोहोचेच ना. पिलबराच्या, म्हणजे याच प्रदेशाच्या, याहूनही जुन्या नद्यांच्या गाळात पायराइटचे, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाचे, गोल झिजलेले कण सापडतात. आजच्या नदीत पायराइट असं वाहत राहूच शकत नाही, वाटेतच गंजून जाईल. तेव्हा गंजवायला हवेत काही नव्हतं. मग सुमारे २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वी कधीतरी पारडं फिरलं आणि प्राणवायू हवेत साचू लागला. त्यानंतर जमिनीवरचे खडकही तांबडे होऊ लागले. माझ्या अंगणातला जांभा त्या घटनेच्या खूप नंतरचा, पण तिच्याशिवाय तो तांबडा झाला नसता.

ईरा एकेक पायरी मोजत उतरत होती. खाली धबधबाही पायऱ्यापायऱ्यांनीच कोसळतो, कारण पाणी कडक थरांवर टप्पे घेत येतं. तिथून पाच मिनिटांवर फर्न पूल, वडासारख्या पारंब्यांखालचं हिरवं पाणी. इथल्या लोकांना ही जागा पवित्र आहे. आवाज करू नका, पाण्यात उडी मारू नका, हळू उतरा, असं लिहिलेलं. आमच्याकडच्या राईत शिरताना पायातलं काढून ठेवतात, ते आठवलं. ईराला सांगावं लागलं नाही, ती आपोआप कुजबुजत बोलायला लागली.

परत येताना कड्यात एक निळसर, रेशमासारखी चमकणारी शीर दिसली. हात लावला नाही. ते निळं अस्बेस्टॉस. इथून थोड्याच अंतरावर विटनूम नावाचं गाव होतं, तिथे १९६६ पर्यंत त्याची खाण चालली. तिथे राबलेली आणि राहिलेली माणसं पुढे कित्येक वर्षं फुप्फुसांच्या आजाराने मरत राहिली. गाव आता नकाशातून काढलं आहे. माझे वडीलही शेवटी खोकतच गेले. कशाने, ते कुणी तपासलं नाही. त्या शिरेसमोर मी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

रात्री तंबूत कडाक्याची थंडी. ईरा दोन पांघरुणांत शिरून म्हणाली, "आजी, पुढे काय झालं?" पुढे थंडीच झाली. तेव्हाचा सूर्य आजच्याहून बराच मंद होता. पृथ्वी गोठली नव्हती ती हवेतल्या उष्णता धरणाऱ्या वायूंमुळे, आणि त्यात मिथेनचा मोठा हात असावा. प्राणवायू वाढला तसं मिथेन नष्ट होत गेलं असावं. पांघरूणच निघालं. त्याच सुमारास पृथ्वीवर मोठं हिमयुग आलं, आणि त्या बर्फाने ओरखडलेले गोटे याच हॅमर्स्ली पर्वतरांगांच्या दक्षिण कडेच्या खडकांत सापडतात. एवढ्याशा जिवांनी श्वासाने आधी समुद्र नितळ केला आणि मग, बहुधा, पृथ्वी गारठवली. "मग ते मेले?" "बरेच मेले असतील. उरले त्यांच्यातले काही तू परवा पाहिलेस."

सहावा दिवस: पोर्ट हेडलंड

मुनजिनाच्या पेट्रोलपंपावर चहा घेऊन उत्तरेला लागलो. वाटेत फाटकाशी खनिजाची आगगाडी आडवी आली. ईराने डबे मोजायला घेतले. दोनशेच्या पुढे तिचा आकडा चुकला, गाडी चालूच होती. अडीच किलोमीटर लांबीच्या गाड्या इथे नेहमीच्या. डेल्स गॉर्जसारख्या खडकात लोखंड साधारण तिसरा हिस्सा. पुढे कोट्यवधी वर्षं पाण्याने त्यातली गारगोटी धुऊन नेली आणि लोखंड साठ टक्क्यांच्या वर गेलं, तिथे खाणी आहेत. पोर्ट हेडलंड बंदरातून तेव्हा वर्षाला पन्नास कोटी टनांच्या आसपास माल जात होता, त्यातलं बहुतेक लोहखनिजच.

बंदराच्या कडेच्या बागेत बसून बोटी बघितल्या. लहानपणी रेडीच्या धक्क्यावर वडिलांचं बोट धरून बोटी मोजायची, त्या याच्यापुढे होडकी. पण माल एकाच घराण्यातला. गोवा आणि सिंधुदुर्गातलं लोहखनिजही पट्टेदार लोहखडकांपासूनच झालेलं आहे, तेही अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासच्या जुन्या समुद्रातलं. म्हणजे वडील आयुष्यभर ज्यांची हजेरी घेत होते ते कामगार खणत होते तो त्या काळच्या जिवांनीच बहुधा टाकलेला गंज. हे त्यांना सांगायला हवं होतं. त्यांना आवडलं असतं.

रात्री प्रशांतनी एक प्रश्न विचारला तो नीट लक्षात राहिला. "जिवांनी लोखंडाचं केलं ते कळलं. बाकीच्या दगडांचं काय?" रॉबर्ट हेझन या खनिजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलं की पृथ्वीवरच्या ज्ञात खनिजांपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास खनिजं जीवसृष्टीमुळे, मुख्यतः प्राणवायूमुळे, शक्य झाली. मोरपंखी रंगाचा मॅलाकाइट, फिरोजा, तांब्या-निकेलची कित्येक रंगीत संयुगं. आम्ही शाळेत सजीव आणि निर्जीव असे दोन रकाने आखून घ्यायचो. त्या रकान्यांमधली रेघ मी पुसली असती, वर्ग हातात असता तर.

सातवा दिवस: मार्बल बार

दोनशे किलोमीटर आत. जेमतेम दोनशे वस्तीचं गाव, उन्हासाठी नावाजलेलं. १९२३ च्या ऑक्टोबरअखेरीपासून १९२४ च्या एप्रिलपर्यंत इथे सलग १६० दिवस दिवसाचं कमाल तापमान शंभर फॅरनहाइटच्या खाली आलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा हिवाळा, हवा छान.

गावाबाहेर कूंगन नदीच्या पात्रात एक आडवी खडकाची भिंत आहे. आधी आलेल्या लोकांना ती संगमरवर वाटली आणि गावाला नाव पडलं. खरं तर तो जॅस्पर, गारगोटीच्या कुळातला, लोखंडाने रंगलेला. वय ३४६ कोटी वर्षं. फोडून तुकडा नेऊ नका, अशी पाटी आहे.

इथून पश्चिमेला, नॉर्थ पोल असं नाव पडलेल्या तापलेल्या टेकड्यांत, ड्रेसर नावाच्या खडकथरात ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट आहेत. त्या जागा राखीव आहेत, तिथे आम्ही गेलो नाही, जायलाही नको. पण दिशा बघून घेतली. इतक्या जुन्या खुणांबद्दल वाद असतातच. याच मार्बल बारजवळच्या एका खडकात विल्यम शॉफ यांनी १९९३ मध्ये जिवांचे धागे ओळखले आणि २००२ मध्ये मार्टिन ब्रेझियर यांनी ते जीवच नव्हेत असं म्हटलं. ड्रेसरची बाजू मात्र बळकट होत गेली आहे. २०१७ मध्ये तिथे जमिनीवरच्या उष्ण झऱ्यांच्या खुणा मिळाल्या. आम्ही परतल्यानंतर, सप्टेंबर २०१९ मध्ये, जमिनीखालून काढलेल्या खडकात त्या स्ट्रोमॅटोलाइटमधला सेंद्रिय अंशही सापडल्याचं जाहीर झालं. तेव्हाच्या हवेत प्राणवायू नव्हता. ते जीव बहुधा वेगळ्याच तऱ्हेने जगत होते, पण थरावर थर चढवणं त्यांना येत होतं.

मग इथला जॅस्पर तांबडा कसा? हवेत प्राणवायू यायच्या शंभर कोटी वर्षं आधीचा खडक, आणि लाल. काहींच्या मते हा रंग त्याच काळचा, काहींच्या मते खूप नंतर भूजल मुरून चढलेला. मी दगडावर बसून ईराला हेच सांगायच्या बेतात होते. ती कधीच पात्रात उतरली होती. कोरडा जॅस्पर धुळकट, विटकरी दिसतो. तिने बाटली भरून त्यावर पाणी ओतलं आणि खडक उजळला: रक्तासारखा तांबडा, मध्ये करडे, पांढरे, निळसर पट्टे.

"आजी, लवकर ये!"

मी पोहोचेपर्यंत उन्हाने तो पुन्हा धुळकट झाला होता. ती पळत डबक्याकडे गेली आणि बाटली पाण्यात बुडवली.